दंडावरची बोटं

रक्तदाब मोजायला डॉक्टरनं मायच्या पोलक्याची बाही वर सरकवली आणि तो थांबला. समता कॉलनीतला हा दवाखाना म्हणजे एका बंगल्याची पुढची खोली. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग, आत स्पिरिटचा वास, भिंतीवर मेंदूचं गुलाबी चित्र. मायच्या उजव्या दंडावर चार डाग होते. निळे, कडेनं पिवळे पडायला लागलेले, एकाखाली एक. डॉक्टरनं हात जरा फिरवला. आतल्या बाजूला, जिथं कातडी सैल होऊन लोंबते तिथं, पाचवा होता, मोठा. पट्टा हातात तसाच धरून त्यानं आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बहिणीकडे, रमाकडे, पाहिलं. "ये किसने पकडा है इनको?" डॉक्टर पोरसवदा होता, आवाजही चढलेला नव्हता, पण 'किसने' या शब्दावर तो जरासा रेंगाळला. मी मेंदूच्या चित्राकडे पाहत राहिलो. माय मात्र खूश झाली. कुणीतरी साहेब आपली तक्रार ऐकून घेतोय असं तिला वाटलं असावं. ती पुढं सरकून म्हणाली, "पाहा ना साहेब. रोज येते. खाली कर म्हणते." डॉक्टरला मराठी येत नव्हती. त्यानं रमाकडे पाहिलं. रमा आदल्या संध्याकाळी नागपूरहून आली होती, दर तीन महिन्यांनी येते तशी, संत्र्याची बर्फी आणि सल्ले घेऊन. ती म्हणाली, "एक बाई आती है दिन में, माँ को सँभालने. वही करती होगी." मग माझ्याकडे वळून मराठीत, "नाही का दादा? तिचंच काम हे?"

"अजून कोन करन," मी म्हणालो.

तीन शब्द. त्यातला एकही खोटा आहे असं कुणाला सिद्ध करता आलं नसतं. मी नाव घेतलं नव्हतं. तीस वर्षं सरकारी नोटशीटवर लिहिणाऱ्या माणसाला वाक्य कसं लिहावं म्हणजे ते आपल्या अंगावर येणार नाही हे शिकवावं लागत नाही. डॉक्टरनं पट्टा डाव्या हाताला बांधला, फुगवला, आकडे लिहिले. "बदल दीजिए बाई को," तो म्हणाला. "ऐसे पेशंट बोल नहीं पाते. घरवालों को ही देखना पडता है." मी मान हलवली. घरवाले. शब्द कसा गुबगुबीत आहे, उशीसारखा.

रिक्षात माय आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. रमानं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला होता आणि माय रमाच्या केसांवरून हात फिरवत होती, माझी बाय, माझी बाय करत. मला हसू येत होतं. हीच रमा एकविसाव्या वर्षी आपल्या मनानं लग्न करून नागपूरला गेली तेव्हा मायनं सहा वर्षं तिचं नाव घेऊ दिलं नव्हतं. तिचे फोटो पेटीच्या तळाशी उपडे घालून ठेवले होते. एकदा रमा दारात येऊन उभी राहिली, पोटुशी होती, तर मायनं आतूनच विचारलं होतं, "कोन पाहिजे?" ते सगळं मायच्या डोक्यातून पुसून गेलं आणि रमाला एक नवी, गोड आई फुकट मिळाली. माझ्या वाट्याला काय उरलं? मी तर कधी गेलो नव्हतो कुठं. शाळा, कॉलेज, कलेक्टर ऑफिसातली कारकुनी, नवं राज्य झालं तेव्हा मंत्रालयात, आणि आता दोन वर्षांपासून शहराबाहेरच्या त्या नव्या राजधानीत, जिथं रस्ते सहा पदरी आहेत आणि सावली नाही. या सगळ्या काळात मी रोज संध्याकाळी मायकडे परत आलो. आणि मायनं मला त्या माणसाच्या जागी बसवलं. क्वार्टर खाली करायला आलेल्या माणसाच्या.

तो माणूस खरा होता. माझे बाबा देवीदास मेश्राम इथल्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये फिटर होते. अठ्ठ्याहत्तर साली दोन वॅगनच्या मध्ये सापडून गेले. मी सोळाचा, रमा दहाची. महिना होत नाही तोच रेल्वेचा एक माणूस कागद घेऊन आला, क्वार्टर सोडा म्हणून. मग दर आठवड्याला यायला लागला. माय दारात विळा घेऊन बसायची. विळ्यानं ती भाजीच चिरत असायची, पण त्याच्याकडे बघत. आणि आत मी अर्ज लिहीत असायचो. एकेका अर्जाच्या सात प्रती. वर्कशॉपच्या मॅनेजरला, डिव्हिजनच्या साहेबाला, खासदाराला, भोपाळला, दिल्लीला. कार्बन कागद मायला चालत नसे. कार्बनचा अर्ज साहेब वाचत नाही, म्हणायची. हातानं लिहायचं. एक मात्रा चुकली की कागद फाडायची. बाबा जाऊन तीनच दिवस झाले होते तेव्हा नोकरीसाठीचा पहिला अर्ज लिहिताना माझ्या नाकातलं पाणी गळून शाईवर पडलं. तिनं तो कागद फाडला, दुसरा समोर ठेवला आणि म्हणाली, "अर्जावर पानी पडलं त साहेब समजते का हे रडके लोक होय." अकरा महिन्यांनी तिला वर्कशॉपच्याच ऑफिसात शिपायाची नोकरी लागली आणि क्वार्टर राहिलं. साऱ्या कॉलनीत कलावतीबाईचं नाव झालं. बुद्धविहारात बाया तिच्याजवळ बसायला जागा करून द्यायच्या. माझं अक्षर असं घडलं. त्याच अक्षरावर मला पुढं नोकरी लागली, हेही खरं. तिनं घडवलं, असं सगळे म्हणतात. घडवताना हातोडा कुठं कुठं लागला ते कुणी विचारत नाही.

रिक्षा स्टेशनच्या पुलाखालून खमतराईकडे, आमच्या घराकडे, वळली. माय अचानक माझ्याकडे वळून, मला न ओळखता, साहेबाशी बोलायच्या आवाजात म्हणाली, "भोपाळवरून ऑर्डर आली का?" भोपाळ आता आपलं राहिलं नाही, राज्य वेगळं झालं त्याला चौदा वर्षं झाली, हे मी तिला शंभर वेळा सांगितलं होतं. आज म्हणालो, "आली." "काय लिहिलं?" "खाली करा म्हणून लिहिलं." रमानं माझ्याकडे पाहिलं. माय रस्ताभर थरथरत राहिली. मला कळत होतं मी काय करतोय. थांबावंसं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात मंगळवारी काय झालं ते मला असं आठवतं की जणू मी न्हाणीच्या दारात उभा राहून दुसऱ्या कुणाला तरी पाहत होतो. आमच्याकडे दिवसभर मायला सांभाळायला फुलेश्वरी येते, बीरगावहून. तिनं साडेसातला यायचं असतं. त्या दिवशी रेल्वेचं फाटक बंद राहिलं म्हणून तिला उशीर झाला. माझी मंत्रालयाची बस आठ चाळीसला. तिथं आता अंगठा लावायची मशीन आली आहे आणि मशीनला माय नसते. माझी बायको मीनल बिलासपूरला असते, रेल्वेत. तिनं बदली मागून घेतली. सगळ्यांना वाटतं लागली, पण मागून घेतली. भानावर होती तेव्हाही मायनं तिला कधी घरातलं म्हटलं नाही, तर आता भान गेल्यावर मायचं सगळं तिनं का काढावं. ती रविवारी येते, एखाद्या. तर मंगळवारी घरात मी आणि माय, आणि मायनं लुगड्यातच केलेलं. मी तिला न्हाणीत उभं केलं. पहिल्यांदा, दोन वर्षांपूर्वी, आईचं अंग धुताना मी डोळे मिटून घेतले होते आणि नंतर बराच वेळ मोरीजवळ बसून राहिलो होतो. आता तसं काही होत नाही. भांडं घासतात तसं घासतो. माय पाय उचलेना. मी म्हणालो, पाय उचल. ती म्हणाली, "हात लावू नको. देवीदास मेश्रामची बायको हाये मी. त्यायले बोलावू का?" मी म्हणालो, बोलाव. तिनं प्लास्टिकचा मग उचलून माझ्या कपाळावर मारला. लागला नाही. पण त्यातलं पाणी माझ्या इस्त्रीच्या शर्टावर सांडलं, आणि मी तिचा दंड धरला.

धरला म्हणजे दाबला. किती वेळ, सांगता येत नाही. हाड लागलं हाताला. आणि राग, जो सकाळपासून, कदाचित वर्षानुवर्षं, डोक्यात भणभणत होता, तो अचानक गेला. एकदम शांत वाटलं. ओझं नीट खांद्यावर बसतं तेव्हा वाटतं तसं. माय गप्प झाली. तिचे डोळे मोठे झाले आणि तिनं पाय उचलला. मग दुसरा. मी पाणी घातलं, ती उभी राहिली, मी पुसलं, तिनं हात वर केले, मी पोलकं घातलं. सगळं सात मिनिटांत. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं माझं ऐकलं. खरं तर बावन्न वर्षांत पहिल्यांदा.

हे इथंच थांबलं असतं तरी मी ते कुणाला सांगू शकलो असतो. माणसाचा तोल जातो, लोक समजून घेतात. पण बुधवार आहे. बुधवारी फुलेश्वरी वेळेवर आली होती, बाहेर चादरी झटकत होती. मायनं प्लास्टिकचा मग उचलला नव्हता, शिवी दिली नव्हती. फक्त पाय उचलत नव्हती. मंगळवारी राग होता. बुधवारी राग नव्हता. मी बरोबर त्याच जागी हात ठेवला आणि दाबला, कारण काल त्यानं काम झालं होतं. आणि काम झालं.

घरी पोचलो तेव्हा फुलेश्वरीनं मायसाठी पेज करून ठेवली होती. पस्तिशीची बाई, बुटकी, बारीक हाडाची, हातावर गोंदण. रमानं चप्पलही काढली नाही. मायची बाही वर केली आणि म्हणाली, "फुलेश्वरी, इधर आ. ये क्या है?" फुलेश्वरी आली, तिनं दंडाकडे पाहिलं. मग रमाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "ये तो दीदी मंगल के दिन से है. मैं आई तब से है. हल्दी-तेल लगाई मैं."

"तो बताया क्यों नहीं?"

"भैया को बताई थी."

तिनं सांगितलं होतं. बुधवारी संध्याकाळी मी बसमधून उतरून आलो तेव्हा हळदीचे हात पुसत ती म्हणाली होती, भैया, दाई के बाँह में निशान हे. मायला ती दाई म्हणायची, आई या अर्थानं. मी 'अच्छा' म्हणालो होतो. त्या 'अच्छा'नंतर तिनं पिशवी उचलली होती. आता रमा माझ्याकडे पाहत होती.

"मेरेको किसीने कुछ नहीं बताया," मी म्हणालो.

फुलेश्वरीचा चेहरा मला नीट आठवतो, कारण त्यावर राग आला नाही. ती मायच्या जवळ गेली, आपला हात तिच्या दंडावर ठेवला, अगदी हलका, डागांच्या वर. "मोर हाथ देख लव दीदी." तिची बोटं वरच्याच डागांपर्यंत पोचत होती. शेवटचा डाग उघडा राहिला. अंगठ्याचा तर पार पलीकडे. खोलीत पेजेचा वास होता, पंखा फिरत होता, आणि तिघांच्या देखत तो हात तिथं होता. मी म्हणालो, "तुम कल से मत आना." ती म्हणाली, "मैं काबर करहूँ भैया? दाई ल काबर?" मी का करीन, दाईला का. मी म्हणालो, "बहस मत करो." तिनं पिशवी घेतली. जाताना म्हणाली, गोळी पेजेनंतर द्या, आधी दिली तर ओकते. परकराची नाडी डाव्या बाजूला बांधा, उजवीकडे बांधली तर सोडत बसते. हे माझ्याकडे न पाहता, रमाला सांगितलं. मग मायला, "जात हँव दाई." माय पेज खात होती. ती म्हणाली, "जा, जा. तूही त्याचीच." रमा फाटकापर्यंत मागोमाग गेली. समोरच्या साहू मॅडम तुळशीला पाणी घालत होत्या. फुलेश्वरी संध्याकाळी आमच्याकडून सुटल्यावर त्यांच्याकडे भांडी करायची. रमा त्यांना मोठ्यानं म्हणाली, "हाथ उठाती है बुढिया पे. आप भी देख लेना." फुलेश्वरी तेव्हा वळणावरही पोचली नव्हती.

दुपारी माय झोपली. रमा बॅग भरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "आता बाई नाही. तू आठ दिवस थांब. नाहीतर मायले घेऊन जा."

"मी नाही नेत."

"बाई तू काढली."

"मी नाही काढली. 'मत आना' कोन म्हणलं?" तिनं साडीची घडी घातली. मग खाली बसली, पलंगाच्या कडेवर, आणि हळूच म्हणाली, "मले दिसते दादा. दवाखान्यातच दिसलं. एवढी लांब बोटं आपल्या घरात एकाचीच हायेत. बाबाची होती, आता तुही हायेत."

मी म्हणालो, "मग काहून तिचं नाव घेतलं?"

"डॉक्टरसमोर तुहं घेऊ? अन् घेतलं असतं त पुढं काय? तो म्हनला असता, यांना इथं ठेवू नका. मग कोनाकडे ठेवायची? माह्याकडे." ती रडत नव्हती. बर्फीचा रिकामा डबा बॅगेत कोंबत होती. "माह्याकडे जागा हाये, नवरा नाही म्हननार नाही, मलेच नाही करायचं. सहा वर्ष दारात उभी केली मले हिनं. आता लाड करते, मी करून घेते. पन तिची घान काढायची म्हनशील त नाही. तू करून राहिला ना? कर. कसंही कर. मी पाहत नाही. पन मले न्यायले सांगू नको, नाहीतर मी सांगन."

एवढं सरळ आमच्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. मला तिचा तिरस्कार वाटला आणि त्याच वेळी जवळची वाटली, लहानपणी मायचा मार चुकवायला आम्ही दोघं कोळशाच्या ढिगामागं चिकटून बसायचो तशी. सकाळी मी तिला स्टेशनवर सोडलं नाही. ती रिक्षानं गेली.

मी रजा टाकली. शनिवार, रविवार. घरात मी आणि माय. ती पहाऱ्यावर आणि मीही. रविवारी दहाच्या गाडीनं मीनल आली, पर्स टेबलावर ठेवली, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोन तास. जास्त नाही." मी स्कूटर काढली आणि बीरगावला गेलो. पश्चात्ताप वगैरे नव्हता. मला बाई हवी होती. जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचा धूर तिथं सगळ्यावर बसतो. झाडांची पानं काळी, दोरीवरची कापडं काळी, माझ्या पांढऱ्या बाहीवर दहा मिनिटांत काळी भुकटी. विचारत विचारत घर सापडलं. नवरा पाळीवरून येऊन आत झोपला होता, दारातून नुसते पाय दिसत होते. फुलेश्वरी नळाजवळ कपडे धूत होती. मला पाहून ती उठली नाही. "दाई कइसे हे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "ठीक है. चलो, वापस आ जाओ. दीदी गयी." ती कपडा पिळत राहिली. शेजारच्या दोन बाया बादल्या भरायच्या थांबल्या.

"साहू मॅडम मना कर दी," ती म्हणाली. "पांडेजी के घर से भी मना हो गया. आपके कॉलनी में तीन घर था मेरा. तीनों छूट गे."

"मैं बोल दूंगा उनको. गलतफहमी हो गयी थी."

"गलतफहमी नहीं." तिनं पिळलेलं लुगडं खांद्यावर टाकलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "कौन किया, वो बोलो. दोनों घर जाके बोलो."

"फिर आओगी?"

"आपके घर? नहीं." आणि बायांकडे वळून ती छत्तीसगढीत काहीतरी म्हणाली. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी स्कूटर वळवली. सरकारी नोकर माणूस, राजपत्रित नसलो तरी साहेब म्हणतात मला तिकडे, आणि एक भांडी घासणारी बाई मला काय लिहायचं ते सांगते. रस्ताभर मी तिला मनात शिव्या देत होतो. घरी मीनल पर्स घेऊन दारातच उभी होती. मला दहा मिनिटं उशीर झाला होता.

मी कुठंही गेलो नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार. मायला मी हात लावत होतो तो टाळत टाळत, कोपरानं, टॉवेलच्या टोकानं, आणि आंघोळीला पाऊण तास लागत होता आणि ती ओरडत होती आणि मी दात खात होतो. गुरुवारी सकाळी मी गरम पाण्याची बादली उचलून न्हाणीत आलो. मायला मी आधीच आत उभं केलं होतं. मला दारात पाहिल्याबरोबर ती वळली, भिंतीला डाव्या हातानं धरलं, आणि उजवा दंड माझ्यापुढं केला. शाळेत सुई टोचायला पोरं रांगेत उभी राहतात, तोंड दुसरीकडे करून, तशी. वाट पाहत होती. मी बादली खाली ठेवली. मी दंड धरला नाही. तरी तिनं पाय उचलला.

तिला मी कशी आंघोळ घातली, कपडे कसे घातले, काही आठवत नाही. नाडी डावीकडे बांधली एवढं आठवतं. तिला टीव्हीसमोर बसवलं, बाहेरून कडी घातली, आणि रस्ता ओलांडून साहूंची बेल वाजवली. नऊ वाजले असतील. साहू मॅडमनी दार उघडलं, हाताला पीठ होतं. मी पाठ केल्यासारखं म्हणालो, "मेरी माँ के हाथ पर जो निशान थे, वो मैंने किये थे. फुलेश्वरीने नहीं." मला वाटलं होतं बोलल्यावर आत काही सुटेल. काही सुटलं नाही. साहू मॅडमनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "अच्छा," त्या म्हणाल्या, आणि दार लावलं. कडीचा आवाज आला. तोल गेला, एकाच दिवशी, एकदाच, असं मी पुढं सांगणार होतो. तेवढ्यासाठी त्यांनी दार उघडं ठेवलं नाही. बुधवार माझ्याजवळच राहिला.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. फुलेश्वरी साहूंकडे परत आली. रोज आमच्या फाटकावरून जाते, आत पाहत नाही. मीनलला साहू मॅडमकडून कळलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि पुढचे दोन रविवार आली नाही. रमा फोन करते, कशी आहे विचारते, मी बरी आहे सांगतो, दोघंही लवकर ठेवतो. नवी बाई मिळाली नाही. माझी रजा चालू आहे. मायच्या दंडावर पुन्हा डाग पडला नाही. पुढच्या महिन्यात डॉक्टरनं बाही वर केली, खाली केली आणि म्हणाला, "अच्छा किया आपने, बाई बदल दी."

पण त्या गुरुवारी मला अजून एक दार बाकी होतं. पांडेजींचं. माझ्याच वयाचा माणूस, वीज मंडळात आहे. त्याचे वडील अठ्ठ्याऐंशीचे, तीन वर्षांपासून आतल्या खोलीत. पांडेजी बनियनवर बाहेर आला, तोंडात ब्रश. मी तेच वाक्य म्हणालो. त्यानं चूळ भरली, मागं वळून घरात पाहिलं, आणि माझा हात धरून मला आत घेतलं. "बैठिए, बैठिए." खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याला दिसलं असावं, कारण त्यानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. कितीतरी वर्षांत मला कुणी असं थोपटलं नव्हतं. त्यानं आत चहा सांगितला. मग खुर्ची जवळ ओढली.

"आपने हाथ से पकडा, वही गलती हो गयी," तो अगदी हळू म्हणाला. "हम तो गमछा लपेट के पकडते हैं. निशान नहीं आता."

आतल्या खोलीत कुणीतरी कण्हलं आणि थांबलं. मी उठायला हवं होतं. उठायचंच म्हणून मी खुर्चीच्या हातावर जोर दिला, तोंड उघडलं, आणि माझाच आवाज मला ऐकू आला, दबका, नम्र, माहिती घेणाऱ्या माणसाचा.

"गीला या सूखा?"